सपाट मुलखातले ब्रेक

बारामतीहून इंदापूरला निघालेली गाडी भवानीनगर, सणसर, लासुर्णे, अंथुर्णे, निमगाव केतकी अशी गावं मागं टाकत जाते आणि वाटेत घाट म्हणावा असा एकही उतार लागत नाही. दोन्ही बाजूंना ऊस, मधून कुठं नीरा डाव्या कालव्याचं पाणी आणि सरळ रस्ता. भिगवणकडं निघालं तरी तेच. पाटसच्या वाटेवर रोटी घाट लागतो खरा, पण तो चटकन संपतो. अशा मुलखात वर्षानुवर्षं फिरणाऱ्या गाडीच्या ब्रेकला कसोटीचा प्रसंग फारसा येतच नाही. चौकात थांबायचं, स्पीडब्रेकरला वेग कमी करायचा, कारखान्याच्या वळणावर जरा पाय ठेवायचा, एवढ्यावर काम भागतं. मग मे महिन्यात लग्नाला म्हणून तीच गाडी पाच माणसं आणि डिकीभर सामान घेऊन मोरगाव, जेजुरी, सासवडमार्गे पुण्याला निघते. दिवे घाट उतरताना तिसऱ्या-चौथ्या वळणावर पेडल मऊ लागतं, पाय नेहमीपेक्षा खोल जातो, चाकांतून जळका वास येतो. "सकाळपर्यंत ब्रेक एकदम ओके होते," असं मालक छातीवर हात ठेवून सांगतो.

ते ओके नव्हतेच, फक्त तोवर कुणी त्यांना काम लावलं नव्हतं.

"ब्रेक फेल" हे दोन शब्द अपघाताच्या बातमीत येतात तेव्हा वाटतं, एखादी तार तटकन तुटावी तसं काहीतरी झालं असणार. प्रत्यक्षात चारचाकीचा ब्रेक असा एका क्षणात क्वचितच जातो. त्याआधी आठवडेच्या आठवडे तो काहीतरी सांगत असतो: शिट्टीसारखा आवाज करतो, गाडी एका बाजूला ओढतो, ऑइलची पातळी उतरवतो. महाबळेश्वर किंवा भोरकडच्या ड्रायव्हरला हे लगेच जाणवतं, कारण त्याचा पाय रोज उतारावर असतो. सपाटीवरच्या ड्रायव्हरला ते कळायला उशीर होतो. म्हणून ब्रेकची माहिती घाटातल्या माणसापेक्षा बारामती-इंदापूरच्या गाडीमालकाला जास्त हवी.

सुरुवात उष्णतेपासून करू, कारण ब्रेकचं सगळं गणित तिथं आहे. बाराशे किलोची गाडी ताशी 100 किलोमीटर वेगानं धावत असेल तर तिच्यात सुमारे 463 किलोज्यूल गतिज ऊर्जा असते. गाडी थांबते तेव्हा ही ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. ती सगळी पाण्यात घातली तर दीड लिटर पाण्याला उकळी फुटेल. वेग निम्मा केला की ही ऊर्जा निम्मी होत नाही, चौथाई होते. आता उतार बघा. हीच गाडी 100 मीटर उंचीवरून खाली आली आणि वेग वाढू द्यायचा नसेल, तर जवळपास 1,176 किलोज्यूल उष्णता जिरवावी लागते. म्हणजे शंभराच्या वेगावरून अडीच वेळा पूर्ण थांबण्याएवढी. सपाट रस्त्यावर ब्रेक तापतो आणि पुढच्या दोन किलोमीटरांत वाऱ्यानं गार होतो. घाटात त्याला ती सवड मिळत नाही.

पायाचा जोर चाकापर्यंत जातो तो ऑइलमधून. पेडल ही मुळात तरफ. पायानं दिलेला जोर ती तीन-चार पट करते. पुढं बूस्टर त्यात भर घालतो. मग मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या ब्रेक ऑइल दाबतो, आणि बंदिस्त द्रवावरचा दाब सगळीकडं सारखाच पोचतो हा पास्कलचा नियम कामाला येतो. चाकाशी असलेल्या कॅलिपरचा दट्ट्या मास्टर सिलिंडरच्या दट्ट्याहून बराच मोठा असल्यानं तिथं जोर आणखी वाढतो. पायाखालचा पंधरा-वीस किलोचा जोर पॅडवर पडेपर्यंत टनाच्या हिशेबात जातो. चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक असलेली मोटार अमेरिकेत ड्यूसेनबर्ग कंपनीनं 1921 साली विकायला आणली. त्याआधी तारा आणि दांड्यांचे ब्रेक असत, आणि चारही चाकं सारखी धरतील याची खात्री नसे.

हल्लीच्या मास्टर सिलिंडरमध्ये एकामागं एक असे दोन कप्पे असतात आणि दोघांच्या पाइपलाइन वेगळ्या. बहुतेक लहान गाड्यांत एक लाइन पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक सांभाळते, दुसरी उरलेली दोन. एक पाइप फुटला तरी तिरक्या जोडीतली दोन चाकं धरतात. पेडल खोल जातं, जोर जास्त लागतो, थांबायला अंतर वाढतं, पण गाडी थांबते. ही सोय माहीत नसलेला माणूस पेडल खोल गेल्याबरोबर पाय काढून घेतो आणि हातातलं अर्धं बळ घालवून बसतो. पेडल खोल गेलं तर पाय काढू नका, आणखी दाबा.

चाकाशी दोन तऱ्हा. पुढं बहुधा डिस्क, मागं बऱ्याच गाड्यांना अजून ड्रम. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी उघडी लोखंडी चकती. कॅलिपर तिला दोन्ही बाजूंनी पॅडनं धरतो. ड्रममध्ये दोन अर्धगोल शू आतून बाहेर ताणले जातात आणि त्यांचे लायनर ड्रमच्या आतल्या भिंतीला घासतात. ब्रेक मारला की गाडीचा भार पुढं येतो, त्यामुळं थांबवण्याचं साठ-सत्तर टक्के काम पुढची चाकं करतात. डिस्क तिथं बसवण्याचं कारण हेच. डिस्कची कीर्ती शर्यतीनं केली. 1953 साली फ्रान्समधली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जॅग्वारनं डिस्क ब्रेकच्या गाड्यांनी जिंकली. आपल्याकडं अॅम्बॅसिडर आणि पद्मिनीच्या जमान्यात चारही चाकांना ड्रमच असत. ड्रम स्वस्त, टिकाऊ आणि हँडब्रेकसाठी सोयीचा, पण आतली उष्णता बाहेर पडायला त्याला वाट कमी आणि आत शिरलेल्या पाण्याला किंवा धुळीला तर जवळजवळ नाहीच.

बारामतीच्या एमआयडीसीत ड्रमकडून डिस्ककडं जाण्याचा हा बदल डोळ्यांदेखत झाला. पियाजिओच्या कारखान्यातून 2012 मध्ये व्हेस्पा बाहेर पडू लागली तेव्हा तिच्या पुढच्या चाकालाही ड्रमच होता. ग्राहक कुरकुरले आणि पुढच्या वर्षी डिस्कवालं मॉडेल आलं. एप्रिल 2019 पासून तर 125 सीसीपेक्षा मोठ्या नव्या दुचाकीला एबीएस, म्हणजे चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, आणि त्याखालच्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची सोय सक्तीची झाली.

या सगळ्यात सर्वांत दुर्लक्षित वस्तू म्हणजे ब्रेक ऑइल. इंजिन ऑइल दर सर्व्हिसिंगला बदलतात, कूलंट बघतात, काच पुसायचं पाणीसुद्धा भरतात. ब्रेक ऑइलची बाटली बॉनेटच्या कोपऱ्यात गाडी विकेपर्यंत तशीच राहते. हे ऑइल ग्लायकॉलवर आधारलेलं असतं आणि हवेतलं बाष्प ओढून घेण्याचा त्याला स्वभावच आहे. रबरी होजमधून, झाकणातून थोडं थोडं पाणी त्यात मुरत राहतं. नवं डॉट-3 ऑइल 205 अंश सेल्सिअसच्या आत उकळू नये असं प्रमाण आहे. पाणी मुरलेल्या ऑइलसाठी तो आकडा 140 वर येतो. डॉट-4 साठी हेच आकडे 230 आणि 155. दिवे घाटात कॅलिपर तापला, आतलं ऑइल उकळलं, की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. पायाचा सगळा जोर बुडबुडे दाबण्यात जातो आणि पेडल मऊ पडतं. गाडी अर्धा तास उभी केली की वाफ पुन्हा द्रव होते, ब्रेक परत लागतो, आणि मालकाला वाटतं, झालं असेल काहीतरी. घरी परतल्यावर तो विषय निघतही नाही.

दर दोन वर्षांनी ऑइल बदलणं हा साधा नियम. किलोमीटर कमी झाले असले तरीही, कारण पाणी मुरतं ते दिवसांनी, धावण्यानं नव्हे. पुण्या-मुंबईत नोकरीला असलेल्यांची गावाकडच्या वाड्यात महिनोन्‌महिने उभी असलेली गाडी या बाबतीत रोज फिरणाऱ्या गाडीपेक्षा वाईट. नवं ऑइल फिकट पिवळं असतं. चहाच्या रंगाचं झालं असेल तर उशीर झाला समजावं. रंगावर मात्र भिस्त ठेवू नये. पेनाएवढ्या यंत्राचं टोक ऑइलमध्ये बुडवलं की पाण्याचं प्रमाण दिव्यांनी दाखवणारे टेस्टर मिळतात. चांगल्या गॅरेजमध्ये असतात, नसतील तर विचारून लाजवावं.

दोन गोष्टी इथं ठासून सांगायला हव्यात. बाटलीवर कमाल-किमान अशा दोन रेघा असतात. पातळी खाली गेली की बरेच जण वरून ऑइल ओतून मोकळे होतात. पण पॅड झिजले की कॅलिपरचा दट्ट्या पुढं सरकतो आणि त्याच्यामागं ऑइल जातं, म्हणून पातळी उतरते. उतरलेली पातळी म्हणजे एक तर पॅड संपत आलेत किंवा कुठंतरी गळती आहे. वरून ओतणं म्हणजे निरोप न वाचता पाकीट फाडून टाकणं. दुसरं, ब्रेकच्या बाटलीत स्टिअरिंग ऑइल किंवा इंजिन ऑइल चुकूनही जाता कामा नये. खनिज तेलानं आतली रबरी सीलं फुगतात, आणि मग मास्टर सिलिंडरपासून चारही चाकांपर्यंतचं रबर बदलल्याशिवाय सुटका नाही. रंगाची काळजी असणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावं की ब्रेक ऑइल बॉनेटवर सांडलं तर रंग सोलतं. लगेच पाण्यानं धुवावं.

ऑइल बदलल्यावर किंवा लाइन उघडल्यावर एअर काढावी लागते. हे काम बघण्यासारखं असतं, आणि मालकानं ते बघावंच. एक जण आत बसून पेडल मारतो. दुसरा चाकाशी उकिडवा बसून कॅलिपरच्या मागच्या निपलवर पाना लावतो. निपलला पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक थोडं ऑइल घातलेल्या बाटलीत बुडवलेलं. "मार... मार... धर!" असं खालून ओरडलं की वरचा पेडल दाबून धरतो. निपल अर्धा आटा सैल होतो, नळीतून काळपट ऑइल आणि त्यात बुडबुड्यांची माळ येते, पेडल तळाला जातं. निपल आवळल्यावरच खालून "सोड" येतं. हा क्रम चुकला, निपल उघडा असताना वरच्यानं पाय उचलला, तर हवा उलटी आत ओढली जाते आणि केलेलं काम पाण्यात. मध्येच वरची बाटली रिकामी पडली तरी तेच. नळीत स्वच्छ, बुडबुडा नसलेलं ऑइल येईपर्यंत प्रत्येक चाकावर हे चालतं. उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्या जुन्या गाड्यांत मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात करतात, कारण मास्टर सिलिंडरपासून ते सर्वांत लांब. नव्या गाड्यांचा क्रम कंपनीच्या पुस्तकात दिलेला असतो आणि काही एबीएस गाड्यांना त्यासाठी स्कॅनर जोडावा लागतो. दहा मिनिटांत "झालं साहेब" म्हणणाऱ्या माणसानं चारही चाकांची एअर काढलेली नसते.

आता बूस्टर. बॉनेट उघडल्यावर ड्रायव्हरच्या बाजूला मागच्या भिंतीशी दिसणारा काळा, पातेल्याएवढा गोल डबा तो हाच. त्याच्या एका बाजूला इंजिनची निर्वात ओढ, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा. दाबातल्या या फरकातून पायाला मदत मिळते. पेट्रोल गाडीत ही ओढ इनटेक मॅनिफोल्डमधून येते, डिझेलमध्ये त्यासाठी वेगळा व्हॅक्यूम पंप असतो. इंजिन बंद झालं की डब्यात साठलेल्या ओढीवर एखाद-दोन वेळा ब्रेक नीट लागतो, त्यानंतर पेडल दगडासारखं होतं. ब्रेक गेलेला नसतो, मदत गेलेली असते. पण घाबरलेल्या माणसाला तो फरक कळत नाही.

म्हणून उतारावर इंजिन बंद करून किंवा न्यूट्रलमध्ये गाडी सोडणं हा शुद्ध वेडेपणा आहे. ट्रकांचे ब्रेक हवेवर चालतात, तिथं इंजिन बंद म्हणजे हवा भरणारा कॉम्प्रेसर बंद. 20 नोव्हेंबर 2022 रोजी पुण्यात कात्रजच्या बोगद्याकडून नवले पुलाकडं येणाऱ्या उतारावर एका ट्रकनं अनेक गाड्या ठोकरल्या. चालकानं उतारावर इंजिन बंद ठेवलं होतं, असं प्राथमिक तपासात पुढं आलं. डिझेल वाचवण्याचा हा हिशेब लहान गाड्यांचे ड्रायव्हरही करतात. गंमत म्हणजे आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात तो हिशेबही चुकतो: गाडी गिअरमध्ये ठेवून अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की इंधन जवळपास पूर्ण तुटतं, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरतं जळतच राहतं.

घाट चढायला जो गिअर लागला असता त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा एसटीच्या जुन्या ड्रायव्हरांचा नियम आजही तंतोतंत बरोबर आहे. इंजिन गाडीला मागं ओढून धरतं, ब्रेक मधूनमधून जोरात लावून सोडून द्यायचा, म्हणजे तो गार व्हायला वाव राहतो. सतत अर्धवट पाय ठेवून उतरणं सर्वांत वाईट. ऑटोमॅटिक गाडीत लो किंवा मॅन्युअलची सोय असते, ती अशा वेळीच वापरायची असते.

बूस्टर घरीच तपासता येतो. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबावं, ते कडक होईल. मग दाबून धरूनच इंजिन सुरू करावं. पेडल जरासं खाली बसलं तर बूस्टर ठीक. बसलंच नाही तर व्हॅक्यूमचा पाइप किंवा बूस्टर बघायला हवा. आणखी एक परीक्षा: इंजिन चालू असताना पेडल मध्यम जोरानं अर्धा मिनिट दाबून धरावं. ते हळूहळू खाली सरकत राहिलं आणि बाहेर कुठं गळती दिसत नसेल, तर मास्टर सिलिंडरच्या आतली सीलं ऑइल मागं सोडताहेत. हा दोष फसवा असतो, कारण एकदम दाबलेला ब्रेक बरोबर लागतो.

एबीएसबद्दल गैरसमज फार. मोटारीत तो 1978 साली बॉशनं मर्सिडीजसाठी आणला आणि भारतात 2019 पासून नव्या गाड्यांत तो सक्तीचा आहे. करकचून ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ लागलं की चाकाशी बसवलेला सेन्सर ते टिपतो आणि यंत्र त्या चाकाचा दाब सेकंदात अनेक वेळा सोडून पुन्हा लावतं. पायाखाली पेडल तडतडतं, घरघर आवाज येतो. काही तरी तुटलं या भीतीनं लोक तेव्हाच पाय उचलतात. उचलायचा नाही. पाय पूर्ण जोरानं दाबून ठेवायचा आणि स्टिअरिंग वळवून अडथळा चुकवायचा, कारण एबीएस आहे तो त्यासाठीच. अंतर कमी करण्याची हमी तो देत नाही. खडीवर आणि सैल मुरमावर तर कधीकधी अंतर वाढतंच.

आणि शेवटी गाडी थांबते ती टायर आणि रस्ता यांच्या घर्षणावर. चाक धरण्यापुरतंच ब्रेकचं काम. गळीत हंगामात हे या भागाइतकं क्वचितच कुठं जाणवत असेल. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, इंदापूरकडचे कर्मयोगी आणि नीरा-भीमा, शेटफळगढ्याचा बारामती अॅग्रो, असे एकामागं एक कारखाने. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून उसाच्या वाहनांनी रस्ते भरतात. रस्त्यावर पाचट पडलेलं, शेतातून चढलेल्या टायरांची काळी माती चिकटलेली. कोरड्या चांगल्या डांबरावर ताशी 80 वेगानं जाणाऱ्या गाडीच्या चालकाला धोका दिसून पाय पेडलवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला तर तेवढ्यात गाडी 33 मीटर पुढं जाते, आणि ब्रेक लागल्यावर आणखी 36 मीटर. एकूण जवळपास 70. शंभराच्या वेगाला हेच अंतर 98 मीटर होतं. रस्ता ओल्या चिखलाचा असेल तर ऐंशीच्या वेगालाच 95 मीटर लागतात. आता लो-बीमच्या दिव्याचा उपयोगी उजेड पडतो साधारण पन्नास-साठ मीटर. पुढं मागचा दिवा नसलेली, रिफ्लेक्टर पाचटानं झाकलेली ट्रॉली उभी असेल, तर ती दिसेल तेव्हा उत्तम ब्रेकही उपयोगाचे नाहीत. रात्री अशा रस्त्यावर साठच्या वर जाऊ नये, यात भित्रेपणा काही नाही, साधी बेरीज आहे.

ट्रॅक्टरवाल्यांसाठीही एक शब्द. ट्रॅक्टरला डाव्या आणि उजव्या चाकाची वेगळी ब्रेक पेडलं असतात, शेतात जागेवर वळायला. रस्त्यावर येताना ती दोन्ही खिळीनं एकत्र जोडायची असतात. न जोडता घाईत एकच पेडल दाबलं गेलं की ट्रॅक्टर गर्रकन वळतो आणि मागच्या दोन भरलेल्या ट्रॉल्या, ज्यांना बहुतेक वेळा स्वतःचे ब्रेकच नसतात, त्याला ढकलत नेतात. खीळ लावायला दोन सेकंद लागतात.

गाडीची भाषा ओळखणं अवघड नाही. ब्रेक मारताना बारीक शिट्टी येते ती पॅडवरची पत्र्याची जीभ डिस्कला घासते म्हणून. पॅड बदलायची वेळ झाल्याची ती मुद्दाम ठेवलेली खूण. घर्र घर्र आवाज आला म्हणजे लोखंड लोखंडावर आलं आणि आता डिस्कचाही खर्च. नव्या पॅडवरचं अस्तर साधारण दहा-बारा मिलिमीटर असतं, तीनवर आलं की बदलावं, नेहमी डावी-उजवी जोडीनंच. वेगात ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरलं तर डिस्कची जाडी सगळीकडं सारखी राहिलेली नाही. लेथवर टर्निंग मारून ती सारखी करता येते, पण डिस्कच्या कडेला किमान जाडी कोरलेली असते. त्याखाली गेलेली डिस्क फेकून द्यावी. गाडी एका बाजूला ओढते तेव्हा एका चाकाचा कॅलिपर चिकटलेला असतो किंवा लायनरवर ऑइल गळलेलं असतं. मागच्या टायरच्या आतल्या बाजूला ओला डाग दिसला तर व्हील सिलिंडर गळतोय. प्रवासानंतर चारही रिमांजवळ तळहात न्यावा, टेकवू नये. एकच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं लागलं तर त्याचा ब्रेक सुटत नाही. हँडब्रेक सोडल्यावरही लाल दिवा पेटलेला राहिला तर गाडी बाजूला घेऊन ऑइल बघावं.

इथल्या काही खोड्या खास इथल्याच. काळ्या मातीचा चिखल ड्रममध्ये वाळला की लायनर दगडासारखा घासतो. पावसाळ्यानंतर ड्रम उघडून साफ करून घ्यावा. पाण्यातून गाडी काढल्यावर पहिला ब्रेक कमी लागतो, म्हणून मागं कुणी नाही बघून दोन-तीनदा हलका पाय ठेवत पॅड वाळवावेत. ओली गाडी हँडब्रेक ओढून पंधरा दिवस उभी केली तर शू ड्रमला चिकटतात. त्याऐवजी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावावा. ऊसतोड झाली की शेतातले उंदीर घराकडं वळतात आणि एबीएस सेन्सरच्या वायरी कुरतडतात. मीटरमध्ये एबीएसचा पिवळा दिवा लागला तर महागड्या दुरुस्तीचा धसका घेण्याआधी चाकाजवळची वायर बघायला सांगावी. आणि पाण्याची बाटली ड्रायव्हरच्या पायांशी ठेवू नये. घरंगळत पेडलखाली गेलेली बाटली म्हणजे खरोखरचा ब्रेक फेल.

तरीही धावत्या गाडीचा ब्रेक गेलाच तर? पेडल भराभर मारावं, थोडा दाब परत येऊ शकतो. गिअर एकेक करून खाली आणावेत. हँडब्रेक बटण दाबून धरूनच हळूहळू ओढावा, एकदम ओढला तर मागची चाकं लॉक होऊन गाडी फिरते. बटणाचा इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक ओढून धरून ठेवला की गाडी आपोआप वेग उतरवते. किल्ली काढू नये. स्टिअरिंग लॉक होईल. हॉर्न वाजवत, चारही दिवे लुकलुकवत, चढाकडं किंवा मोकळ्या शेताकडं वळावं. उसाच्या फडात शिरलेली गाडी ट्रॉलीवर आदळलेल्या गाडीपेक्षा पुष्कळ बरी.

पॅड आणि लायनर अधिकृत दुकानातून, पक्क्या बिलावर घ्यावेत. ब्रेकच्या मालात नकली डबे सर्रास असतात आणि शे-दोनशे रुपये वाचवण्याची ही जागा नव्हे. नवे पॅड टाकल्यावर पहिले दोन-तीनशे किलोमीटर करकचून ब्रेक टाळावा, पॅड डिस्कवर बसायला तेवढं लागतं. तपासणीचे मुहूर्त दोन: मेअखेर, पाऊस आणि पालखीच्या आधी, आणि ऑक्टोबरात, कारखान्यांची धुराडी पेटण्याआधी. ब्रेक ऑइल बदललं की तारीख आणि किलोमीटर एका चिठ्ठीवर लिहून बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवून घ्यावेत. आज बॉनेट उघडून बघा. तिथं अशी चिठ्ठी नसेल आणि मागचं ऑइल कधी बदललं ते आठवत नसेल, तर घाटाच्या वाटेला लागण्याआधी ते बदलून घ्या.